भांडण मिटवणं शिकवता येतं

लहान मुलांची भांडणं मोठ्या माणसांना एक तर गमतीची वाटतात, नाहीतर कटकटीची. दोन पोरं एकमेकांच्या अंगावर धावून गेली की आपण हसतो, किंवा दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालून मोकळे होतो. यापेक्षा तिसरं काही करता येतं आणि ते इतर विषयांसारखंच शिकवता येतं, हे आज मला सांगायचं आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर काही आश्रमशाळांमध्ये मुलांशी बोलायला जाणं होतं. जे बोलणार आहे ते बहुतेक तिथंच पाहिलेलं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मुलं भांडतात यात बिघडलेलं काही नाही. चेंडू एक आणि हात चार असले की ओढाताण होणारच. अजिबात न भांडणारा वर्ग मला कधी दिसला नाही, आणि दिसला असता तर मला काळजी वाटली असती. प्रश्न भांडणाचा नसतो. भांडण संपतं कसं, आणि ते संपताना मूल काय शिकतं, हा खरा प्रश्न आहे.

धपाट्यातून काय शिकतात?

मधल्या सुट्टीतलं नेहमीचं दृश्य आठवा. दोघं धुळीत लोळत आहेत, भोवती बाकीच्यांचा गराडा. गुरुजी येतात, दोघांना बाजूला करतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "सुरुवात कोणी केली?" लगेच दोन बोटं समोरासमोर उठतात. "यानं मले आधी मारलं, सर!" "नाही सर, त्यानं माही वही फाडली!" गुरुजींनी काही पाहिलेलं नसतं. मग ते दोघांनाही शिक्षा करतात, किंवा ज्याचं नाव आधीच वाईट आहे त्याला करतात. भांडण संपतं. निदान गुरुजींपुरतं संपतं.

आता मुलाच्या बाजूनं पाहा. त्याला तीन धडे मिळाले. ज्याचा हात मोठा, त्याचा निर्णय खरा, हा पहिला. सांगून उपयोग नसतो, कारण ऐकून कोणी घेत नाही, हा दुसरा. आणि पुढच्या वेळी गुरुजींच्या नजरेआड मारायचं, हा तिसरा. हे धडे पाठ्यपुस्तकात नसतात, पण मुलं ते पक्के पाठ करतात. वीस वर्षांनी तीच मुलं बांधीच्या धुऱ्यावरून भावाशी भांडतात, तेव्हा हेच पाठांतर कामाला येतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नं शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. हे योग्यच झालं. पण छडी गेली तेव्हा तिच्या जागी काय आणायचं, हा प्रश्न पुष्कळ शिक्षकांपुढे राहिला. मारायचं नाही, हे समजलं. मग करायचं काय?

गप्प बसणं म्हणजे शांतता नव्हे

आपल्या भागात हा प्रश्न जरा वेगळ्या रूपात समोर येतो. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याआधीच, १९८० च्या सुमारास, नक्षलवादी चळवळ या जंगलात आली होती. पुढची चार दशकं जंगलातल्या कित्येक गावांनी दोन्ही बाजूंच्या बंदुकांच्या मध्ये काढली. काय पाहिलं, कोण आलं, कोण गेलं, यातलं काही बोलायचं नाही, ही सवय मोठ्यांकडून मुलांपर्यंत आपोआप आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती नावानं ओळखल्या जाणाऱ्या माओवादी नेत्यानं सुमारे ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवली. बंदुकीचा जोर ओसरतो आहे, ही समाधानाची गोष्ट. पण न बोलण्याची सवय एका समारंभात खाली ठेवता येत नाही.

त्यातच भाषेची अडचण असते. सहा-सात वर्षांचं माडिया किंवा गोंडी बोलणारं मूल आश्रमशाळेत येतं. आईबाप दूर. शिक्षक मराठी बोलणारे. कोणी त्याची चादर ओढली, तर तक्रार करायला त्याच्याकडे शब्दच नसतात. मग त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. हात उगारायचा, किंवा गप्प राहायचं. गप्प राहून असह्य झालं की एका सकाळी ते जंगलातल्या पायवाटेनं घराकडे चालू लागतं. शाळेच्या दप्तरी त्याची नोंद 'पळून गेला' अशी होते. भांडण झाल्याची नोंद कुठेच नसते.

म्हणून शांतता शिकवायची म्हणजे मुलांना गप्प बसवायला शिकवायचं, असा अर्थ आपण तरी घेऊ नये. इथल्या मुलाला आधी बोलायला शिकवावं लागतं. त्याची बाजू त्याच्या भाषेत मांडू द्यावी लागते. वरच्या वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी शेजारी बसून ती मराठीत सांगू शकते. एवढ्यानंच निम्मं काम होतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. आपलं कोणी ऐकून घेतलं, हे कळताच मुलाची आवळलेली मूठ थोडी सैल होते.

मेंढ्याची सभा

हे शिकवायला दूरचे दाखले शोधत जाण्याची गरज नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव गडचिरोलीपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. घरं शंभराच्या आसपास. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाशी जोडलेली आहेत. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात ती सगळी हकिगत लिहिली आहे.

या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा, यावर वनखात्याशी वाद राहिला. गाव आपल्या म्हणण्यावर ठाम राहिलं. कायदा वाचला, सभा घेतल्या, पत्रं लिहिली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. सरकारी खात्याशी असलेला वाद एकही दगड न उचलता कसा लढवायचा, याचं यापेक्षा जवळचं उदाहरण आपल्या मुलांना कोणतं देणार?

पण मुलांना सांगण्यासारखी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या गावाची निर्णय घेण्याची रीत. तिथं हात वर करून मतं मोजत नाहीत. निर्णय सर्वसहमतीनं होतो. एकाचाही ठाम विरोध असेल, तर विषय पुढच्या सभेवर टाकतात आणि तोपर्यंत बोलणं सुरू ठेवतात. शिवाय अभ्यास गट असतो. तिथं विषय समजून घ्यायचा, निर्णय घ्यायचा नाही. समजून घेण्याची जागा वेगळी आणि ठरवण्याची वेगळी. यामुळे फरक पडतो तो असा, की विरोध करणारा माणूस शत्रू ठरत नाही. त्याला पटवायचं असतं, पाडायचं नसतं.

मला वाटतं, हीच गोष्ट मुलांना सगळ्यात आधी शिकवायला हवी. आपल्याला नाही म्हणणारा मित्र हा तरीही मित्रच असतो.

काही वर्गांत आम्ही हे करून पाहिलं. शनिवारी वीस मिनिटांची वर्गसभा. सगळे गोलात बसतात, शिक्षकही त्याच गोलात, खाली. आठवड्यातला एक प्रश्न घ्यायचा. खिचडी वाढताना रांग कोण मोडतं, खेळात मुलींना मैदान का मिळत नाही, असा साधा. एका वेळी एकानंच बोलायचं. सगळ्यांना चालेल असं काही सापडलं तर ते पाळायचं, नाही सापडलं तर पुढच्या शनिवारी पुन्हा. सुरुवातीचे तीन-चार शनिवार नुसता गोंधळ होतो. त्यानंतर मात्र मुलं एकमेकांना सांगू लागतात, "थांब, तिचं बोलणं होऊ दे."

एक सावधगिरी इथं घ्यावी लागते. सहमतीतही दडपण असू शकतं. दांडगा मुलगा 'सगळ्यांना चालते ना?' असं विचारतो आणि बाकीचे माना हलवतात. त्यामुळे जे गप्प आहेत त्यांना मुद्दाम विचारायचं. तोंडानं सांगता येत नसेल तर चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. न बोलणाऱ्याचा होकार धरून चालायचं नाही.

एका बादलीची गोष्ट

आता प्रत्यक्ष भांडण समोर आलं, तर काय करायचं? एका वसतिगृहातला प्रसंग सांगतो. दोन मुली रोज सकाळी एका बादलीवरून भांडायच्या. गोष्ट ओरबाडण्यापर्यंत गेली. नेहमीचा उपाय म्हणजे आज हिला, उद्या तिला. तो करून झाला होता आणि चार दिवसांत मोडला होता.

मग तिथल्या एका शिक्षिकेनं दोघींना समोरासमोर बसवलं. आधी दोघींना पाणी दिलं आणि राग थोडा उतरेपर्यंत वाट पाहिली. नियम एकच. एकीनं सांगायचं, आणि दुसरीनं आपलं म्हणणं मांडण्याआधी पहिलीचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगून दाखवायचं. 'बरोबर सांगितलं का?' असं पहिलीला विचारायचं. ती 'हो' म्हणाली की मगच दुसरीची पाळी.

त्यानंतर शिक्षिकेनं 'तुला काय पाहिजे?' हा प्रश्न सोडून 'तुला ते कशासाठी पाहिजे?' असं विचारलं. काय पाहिजे, याचं उत्तर दोघींचं एकच होतं, बादली. कशासाठी, याची उत्तरं मात्र वेगळी निघाली. एकीकडे गणवेश एकच होता. तो पहाटे धुतला तरच शाळेच्या वेळेपर्यंत वाळायचा. दुसरीला अंधारातच अंघोळ उरकायची होती, कारण उजाडल्यावर बोरिंगवर मुलांची गर्दी व्हायची आणि आडोसा नव्हता. म्हणजे एकीला वाळलेला गणवेश हवा होता आणि दुसरीला आडोसा. बादली हे नुसतं निमित्त होतं.

मग मार्ग निघाले. गणवेश शाळा सुटल्यावर संध्याकाळी धुवायचा आणि रात्रभर आत दोरीवर टाकायचा. बोरिंगच्या बाजूला बांबूच्या ताट्यांचा आडोसा करायचा. दोघींनी ते मान्य केलं, आणि आठ दिवसांनी पुन्हा बसून ठरलेलं जमतं आहे का, हे पाहायचं असंही ठरलं. ही शेवटची पायरी लोक विसरतात. ठरवलेलं तपासलं नाही, तर ठरवण्याला अर्थ राहत नाही.

या पद्धतीत जादू नाही. अमेरिकेत रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ साली वाटाघाटींवर एक पुस्तक लिहिलं. माणसं मागणीला चिकटून बसतात, पण मागणीच्या मागे गरज असते आणि मार्ग गरजेतून निघतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. आपल्याकडचे जाणते म्हातारे चावडीवर हेच करत आले. त्यांनी त्याला नाव दिलं नाही, एवढंच.

बादलीच्या गोष्टीत आणखी एक धडा आहे, तो आपल्यासाठी. त्या मुली भांडकुदळ नव्हत्या. वसतिगृहात बादल्या कमी होत्या आणि आडोसा नव्हता. मुलांना समजूतदारपणा शिकवायचा आणि बादल्या मात्र आणायच्या नाहीत, असं चालणार नाही. मुलांची बरीचशी भांडणं ही मोठ्यांनी न केलेल्या कामांची पावती असते. भांडण ऐकून घेतलं, तर ती आपल्या हातात येते.

स्पर्धा आणि सोबत

मुलांचे गट कसे पडतात आणि कसे जुळतात, यावर १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एक गाजलेला प्रयोग झाला. मुझफर शेरीफ हे मूळचे तुर्कस्तानचे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी अकरा वर्षांच्या आसपासची २२ मुलं उन्हाळी शिबिरात आणली आणि त्यांचे दोन गट केले. गटांमध्ये रस्सीखेच, चेंडूफळी अशा स्पर्धा लावल्या, बक्षिसं ठेवली. काही दिवसांतच मुलं एकमेकांचे झेंडे जाळू लागली, एकमेकांच्या खोल्यांवर हल्ले करू लागली. नंतर दोन्ही गटांना जेवायला एकत्र बसवलं, तर जेवणच एकमेकांवर फेकलं गेलं.

मग शेरीफ यांनी अशी कामं पुढे आणली, जी एका गटाला एकट्यानं जमणारी नव्हती. शिबिराचं पाणी बंद पडलं, ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. जेवण आणणारा ट्रक अडला, तो सगळ्यांनी ओढायचा. ज्या दोरानं मुलं रस्सीखेच खेळली होती, त्याच दोरानं त्यांनी मिळून तो ट्रक ओढला. हळूहळू वैर निवळलं. या प्रयोगावर पुढे टीकाही झाली. मोठ्यांनी मुद्दाम भांडणं पेटवली, असा आक्षेप होता, आणि तो रास्त आहे. मुलांवर असा प्रयोग आज कोणी करू नये. पण तो आक्षेपसुद्धा आपल्याला काही शिकवतो. मुलांमधलं वैर पुष्कळदा मोठ्यांनीच लावलेलं असतं.

आपल्या शाळांत हे सहज करता येतं. ज्या दोन टोळ्यांचं पटत नाही, त्यांना 'मैत्री करा' असा उपदेश देऊ नका. परसबागेचं कुंपण त्यांच्याकडे मिळून द्या. बांबू एकानं धरल्याशिवाय दुसऱ्याला बांधता येत नाही. निम्मं बोलणं तिथंच होतं.

जिथे समेट करायचा नसतो

महाराष्ट्र सरकारनं १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावोगावी तंटामुक्ती समित्या झाल्या, शेतीचे, घराचे, भावकीचे वाद गावातच मिटवण्याचा प्रयत्न झाला. त्या मोहिमेतही एक मर्यादा होती. कायद्यानं ज्यात तडजोड करता येत नाही, असे गंभीर गुन्हे समितीनं मिटवायचे नव्हते.

तीच मर्यादा शाळेत पाळायला हवी. भांडण आणि छळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भांडणात दोघं साधारण सारख्या ताकदीचे असतात. छळात एक मोठा असतो किंवा गटात असतो, दुसरा एकटा, आणि तोच प्रकार पुन्हा पुन्हा होतो. तिथं दोघांना समोर बसवून 'मिटवा' म्हणणं हा लहानग्यावर आणखी एक अन्याय आहे. तिथं आधी त्याला संरक्षण द्यायचं. आणि कोणी मोठा माणूस मुलाशी लैंगिक गैरवर्तन करत असेल, तर ते प्रकरण कोणत्याही समितीत, कोणत्याही बैठकीत मिटवायचं नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार त्याची खबर पोलिसांना द्यावीच लागते. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे. तो प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर, मुलांना दिसेल अशा उंचीवर लिहिलेला असावा.

शांततेचं शिक्षण घेतलेल्या मुलाला 'नाही' म्हणता आलं पाहिजे आणि आरडाओरडाही करता आला पाहिजे.

उद्यापासून काय करावं?

तुम्ही म्हणाल, दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, वर कागदपत्रांचं ओझं. यात हे कधी करायचं? अडचण खरी आहे. पण भांडणं सोडवण्यात वेळ आताही जातोच. तोच वेळ थोडा वेगळा वापरायचा. वरच्या वर्गातल्या चार-पाच मुलामुलींना ऐकून घेण्याची रीत शिकवली, तर लहानांची पुष्कळ भांडणं तीच मिटवतात. गोंड समाजाच्या गोटुलमध्ये मोठ्यांनी लहानांना वळण लावण्याची रीत होतीच. ती या मुलांना परकी नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शांततेच्या शिक्षणाला जागा दिली गेली. शांतिलाल मुथा फाउंडेशननं २००९ साली बीड जिल्ह्यातल्या शाळांतून 'मूल्यवर्धन' उपक्रम सुरू केला आणि नंतर तो राज्यभर गेला. म्हणजे वाट नवी नाही. चालायचं तेवढं बाकी आहे.

आणि घरी? तिथं वर्गसभा नको. दोन भावंडं भांडली, तर 'तू मोठा आहेस, सोडून दे' हे वाक्य जरा थांबवून पाहा. मोठ्यावर तो रोजचा अन्याय असतो आणि धाकट्याला रडून जिंकायची सवय लागते. त्याऐवजी दोघांना विचारा, 'तुला ते कशासाठी पाहिजे?' उत्तर ऐकायला दोन मिनिटं लागतात. बळजबरीनं हात मिळवायला लावू नका. राग पोटात ठेवून मिळवलेला हात काही खरा नसतो.

शेवटी, मुलं आपलं ऐकतात त्यापेक्षा आपल्याला पाहतात. घरात नवरा-बायकोचा वाद कसा संपतो, शाळेत दोन शिक्षक एकमेकांशी कसे बोलतात, ग्रामसभेत विरोधात बोलणाऱ्याला लोक खाली बसवतात की ऐकून घेतात, हे सगळं ती मुकाट्यानं टिपत असतात. पुढच्या ग्रामसभेला जाताना आपल्या मुलांना सोबत घेऊन जा. मागे बसू द्या, ऐकू द्या. आणि ती बसली आहेत, हे लक्षात ठेवून बोला.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)